तारेचा ताण मोजून घ्या, नुसता बघून नको



हल्ली ज्या घरी जावं तिथे बाल्कनीला रिमोटवर खालीवर होणारा पडदा दिसतो. पश्चिमेची बाल्कनी असेल तर त्याला मी चैन म्हणणार नाही. आपल्याकडे सूर्यास्ताच्या आत जेवणं उरकायची, आणि उन्हाळ्यात नेमकं त्याच वेळी तिरपं ऊन थेट ताटात येतं. तेव्हा पडदा घेऊ नका असं सांगायला मी बसलेली नाही. घेताना आपण काय विचारतो, त्याबद्दल बोलायचं आहे.

आपण कापड बघतो, रंग सोफ्याला जुळतो का बघतो, मोटार कुठली आणि वॉरंटी किती वर्षांची ते विचारतो. दोन्ही बाजूंना ज्या बारीक स्टीलच्या तारा असतात, त्यांच्याबद्दल मात्र चकार शब्द नाही. पडदा वरच्या नळीवर गुंडाळलेला असतो आणि मोटार त्या नळीच्या पोटात असते. पडद्याच्या खालच्या पट्टीच्या दोन्ही टोकांना भोकं असतात आणि त्यांतून या तारा जातात. पडदा वाऱ्याने फडफडू नये, सरळ रेषेत उतरावा, हे काम तारांचं. माझं स्पष्ट मत असं आहे की या तारांचा ताण आकड्यात मोजून, कागदावर लिहून घेतल्याशिवाय शेवटचे पैसे देऊ नयेत. पडदा, भिंत आणि घरातली लहान मुलं, तिन्ही त्या ताणाशी बांधलेली आहेत.

बसवायला आलेली मुलं तार बोटाने दाबून बघतात आणि म्हणतात, "काकू, एकदम टाइट केलीय." आपल्यालाही बरं वाटतं. पण जास्त टाइट म्हणजे चांगलं, हा हिशेब चुकीचा आहे, आणि तो समजायला आपली कपडे वाळत घालायची दोरी पुरेशी आहे.

समजा दोरी ३ मीटर लांब आहे आणि मधोमध ५ किलोचे ओले कपडे टाकले. दोरी मध्ये १५ सेंटिमीटर खाली आली, तर दोरीत साधारण २५ किलोचा ताण असतो. तीच दोरी इतकी ताणून बांधली की ती फक्त ५ सेंटिमीटर वाकते, तर कपडे तेच असूनही ताण ७५ किलो होतो. हिशेब सोपा आहे: वजन गुणिले दोरीची लांबी, भागिले झोळाची चौपट. झोळ कमी तितका ताण जास्त. म्हणून तर कडक बांधलेल्या दोरीची खुंटी एक दिवस प्लास्टरसकट हातात येते.

पडद्याच्या तारेला कपड्यांच्या जागी वारा असतो. पडदा अर्धा उतरलेला असला की खालची पट्टी बरोबर तारेच्या मध्यावर येते, आणि वारा ती पट्टी ढकलतो. इमारतींवरचा वाऱ्याचा दाब काढायला आपल्याकडे आयएस ८७५ हे भारतीय मानक वापरतात. त्याच्या नियमाने ताशी ४० किलोमीटरचा वारा दर चौरस मीटरला साधारण साडेसात किलोच्या जोराने ढकलतो. आठ फूट बाय आठ फूट पडदा म्हणजे जवळजवळ ६ चौरस मीटर, म्हणजे ४५ किलो! जाळीच्या कापडातून थोडा वारा निघून जातो हे खरं, पण वाऱ्याचा वेग दुप्पट झाला की जोर चौपट होतो. वळवाच्या वादळात तार कितीही कसली तरी ती पुरी पडणार नाही, उलट कसलेली तार तो सगळा जोर भिंतीतल्या प्लगवर टाकेल. हल्लीच्या भिंती हलक्या ब्लॉकच्या असतात. प्लग नुसत्या प्लास्टरमध्ये आहे की आत ब्लॉकमध्ये नीट बसलाय, हे तेव्हा कळून काय उपयोग? वादळात पडदा वर घ्यायचा, हाच उपाय. वारा वाढला की पडदा आपोआप वर घेणारा सेन्सर मिळतो. उंच मजल्यावर राहणाऱ्यांनी कापड थोडं स्वस्तातलं घ्यावं, पण हा सेन्सर घ्यावा.

सैल तारही बरी नाही. पडदा फडफडतो हे तर झालंच, पण लोंबती तार म्हणजे फास. जुन्या पडद्यांच्या लोंबत्या दोऱ्यांमध्ये मान अडकून लहान मुलं दगावल्याचे प्रकार परदेशात इतके झाले, की अमेरिकेत २०१८ च्या अखेरीपासून दुकानात तयार मिळणारे पडदे विनादोरीचे किंवा दोरी हाताला न लागणारे असावेत असा तिथल्या मानकाचा नियम झाला. मोटारीच्या पडद्याला ओढायची दोरी नसते, म्हणून नातवंडांच्या घरात मी त्याच्याच बाजूने आहे. पण बाजूच्या तारा सैल सोडल्या तर जो धोका पैसे देऊन घालवला तोच मागच्या दाराने घरात येतो.

मग मोजायचं कसं? या कामाची यंत्रं असतात. त्यांत तार तीन चाकांमधून किंचित वाकवतात आणि ती किती जोराने परत ओढते ते काट्यावर दिसतं. फिटरकडे ते नसलं तरी अडत नाही. आपल्या घरात प्रवासाच्या बॅगेचं वजन करायचा हुकाचा काटा असतोच. मोटारीचा मेन बंद करा, पण त्याआधी पडदा पूर्ण वर घ्या. तारेच्या बरोबर मध्यावर काट्याचा हुक अडकवा, काट्यावर १ किलो दिसेपर्यंत बाजूला ओढा, आणि तार किती सरकली ते दुसरीला फूटपट्टीने मोजायला सांगा. तार २४० सेंटिमीटर लांब आहे आणि २ सेंटिमीटर सरकली, तर २४० भागिले ८, म्हणजे ३० किलो. दुसऱ्या बाजूची ३ सेंटिमीटर सरकली, तर २४० भागिले १२, म्हणजे २० किलो. सोनाराच्या काट्याची अचूकता यात नाही, पण दोन बाजूंत दहा किलोचा फरक आहे हे बोटाने दाबून कळलं नसतं. माझे आकडे उदाहरणाचे आहेत. तुमच्या पडद्याला किती ताण हवा तो आकडा बनवणाऱ्यानेच द्यायचा, आणि तो मागायचा आपला हक्क आहे.

दोन्ही बाजू सारख्या असणं सगळ्यांत महत्त्वाचं. एक तार जास्त कसलेली किंवा ओळंब्यात नसलेली असली की पट्टी त्या बाजूला अडकते. खाली येताना पट्टी अडकली तरी साध्या मोटारीला ते कळत नाही. ती नळी फिरवत राहते, कापड सुटत राहतं आणि मध्ये झोळ येतो. वर जाताना मोटारीला पडद्याच्या वजनाबरोबर ते घासणंही ओढावं लागतं. पडदा ६ किलोचा आणि नळी ५ सेंटिमीटर जाडीची असेल, तर मोटारीला साधारण दीड न्यूटन-मीटर जोर पुरतो. अडकणाऱ्या पडद्याला तो कितीतरी जास्त लागतो. या मोटारी सलग चारेक मिनिटंच चालतील अशा बनवलेल्या असतात. जास्त तापल्या की आपोआप बंद पडतात, निवल्या की पुन्हा चालतात. आपण म्हणतो मोटार गेली, दुकानदार म्हणतो नवी घ्या, आणि दोष निघतो तारेत. अडथळा आला की थांबणारी मोटारही मिळते, घेताना तेवढं विचारा.

ताण कमी-जास्त करायचा स्क्रू तारेच्या एका टोकाला असतो. ६ मिलिमीटर जाडीच्या स्क्रूचे नेहमीचे आटे असतील तर एका फेऱ्याला तार फक्त १ मिलिमीटर ओढली जाते, पण ताण चांगलाच बदलतो. म्हणून अर्धा फेरा इकडे, अर्धा फेरा तिकडे, मग पुन्हा मोजायचं. शेवटी लॉक नट आवळायचा. आता गंमत बघा, २५ अंश तापमान वाढलं की अडीच मीटरच्या स्टीलच्या तारेची लांबीही साधारण तेवढीच, १ मिलिमीटर वाढते. भिंतही थोडी वाढते, त्यामुळे सगळा फरक दिसत नाही. पण डिसेंबरच्या सकाळी कसलेली तार मेच्या दुपारी तशीच राहील, ही अपेक्षा धरू नका. नवी तार तर पहिल्या काही आठवड्यांत तिचे पीळ बसतात तशी आपोआप थोडी सैल होतेच. म्हणजे एकदा बसवून दिलं आणि काम संपलं, असं हे कामच नाही.

कोणी म्हणेल, इतकं कशाला, रोज बसवणाऱ्याच्या हाताला कळतं. कळतं, मी नाकारत नाही. कसबी माणसाचा हात काट्याइतका चालतो. पण सहा महिन्यांनी दुरुस्तीला येणारा मुलगा वेगळा असतो, त्याचा हात वेगळा असतो. हाताचा अंदाज वहीत लिहिता येत नाही, आकडा लिहिता येतो. आम्ही कॉमर्सवाले सुरुवातीची शिल्लक माहीत नसताना जमाखर्च मांडत नाही. पडद्याची सुरुवातीची शिल्लक म्हणजे बसवल्या दिवशीचा ताण. तो लिहिलेला नसला, तर दोन वर्षांनी प्लग निखळल्यावर दुकानदार म्हणणार तुम्ही वापर चुकीचा केला, आणि आपल्याकडे दाखवायला काहीच नसणार.

तेव्हा कोटेशनवर चार ओळी वाढवून मागा. दोन्ही तारांचा ताण किती ठेवणार. बसवल्यावर आपल्यासमोर मोजून सही करून देणार. दोनेक महिन्यांनी एकदा येऊन विनामूल्य पुन्हा कसणार. आणि वार्षिक देखभालीच्या करारात नुसतं "सर्व्हिस" न लिहिता ताणाची तपासणी लिहिणार. यातलं काहीच महाग नाही. दुकानदाराने कुरकुर केली, तर तो नंतर फोन उचलेल का याचं उत्तर तिथेच मिळालं असं समजा.

एक शेवटचं, आपल्या घरांसाठी. पावसाळ्यात पडदा महिनोन्‌महिने गुंडाळलेला राहतो. त्या गुंडाळीत पाली शिरतात, वरच्या पेटीत चिमण्या काड्या आणतात. चातुर्मासानंतर पहिल्यांदा बटण दाबण्याआधी मेन बंद करून, स्टुलावर चढून किंवा कोणाला तरी चढवून आत नीट बघा, आणि मगच पडदा हळूहळू उतरवा. घरटं असेल तर पिल्लं उडेपर्यंत ऊन सोसा. आत काही नसेल, तर पडदा पुन्हा वर घ्या आणि त्याच दिवशी काटा काढून दोन्ही तारा मोजा. नवा आकडा जुन्याच्या खाली, तारीख घालून लिहा.