नापास पोराच्या हाती कॅमेरा

दहावीचा निकाल लागला की गडहिंग्लज तालुक्यात काही घरांत पेढे वाटले जातात, तर काही घरांत चूल थंड राहते. नापास झालेलं पोरगं दोन दोन दिवस घरी फिरकत नाही. बाप चारचौघांत म्हणतो, "हे आता काय उजेड पाडणार!" अशा आई-बापांसाठी आम्ही आज नागराज मंजुळे यांची हकिकत सांगणार आहोत.

नागराज सोलापूर जिल्ह्यातील करमाळा तालुक्यातल्या जेऊर गावचे. जन्म वडार समाजातला; दगड फोडून पोट भरणारा हा समाज. कोवळ्या वयातच त्यांना दारू-सिगारेटची संगत लागली. शाळा बुडवून सिनेमे बघण्याचा नाद लागला. दहावीत नापास झाले. हे सारे त्यांनी स्वतःच मुलाखतींतून उघडपणे सांगितले आहे.

पण व्यसन सुटले आणि वाचन लागले. फुले-आंबेडकर वाचनात आले. पुणे विद्यापीठातून मराठीत एम. ए. झाले. पुढे अहमदनगरच्या, म्हणजे आताच्या अहिल्यानगरच्या, न्यू आर्ट्स महाविद्यालयात कम्युनिकेशन स्टडीजचे शिक्षण घेतले. त्यांच्या 'पिस्तुल्या' या पहिल्याच लघुपटाला राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. शाळेची ओढ असलेल्या गरीब पोराची ती गोष्ट.

नंतर 'फँड्री' २०१४ साली चित्रपटगृहांत लागला. डुक्कर पकडणाऱ्या घरातला जब्या आणि शाळेच्या भिंतीवर बाबासाहेबांचे चित्र! शेवटी जब्याने भिरकावलेला दगड थेट बघणाऱ्याच्या अंगावर येतो. २०१६ च्या 'सैराट'ने तर शंभर कोटींच्या वर धंदा केला.

बंधू-भगिनींनो, यात आम्हांला मोठी वाटते ती कोटींची गोष्ट नव्हे. आपली वस्ती, आपले काम, आपली बोली आपण पाहुण्यांपासून लपवतो. या माणसाने तेच पडद्यावर आणले आणि जगाला बघायला लावले.

गडहिंग्लज हे फुटबॉलवेडे गाव. त्यामुळे २०२२ चा 'झुंड' आपल्याला अधिक जवळचा. नागपूरचे क्रीडाशिक्षक विजय बारसे यांच्या कामावर तो बेतला आहे. झोपडपट्टीतल्या वाया गेलेल्या म्हणवणाऱ्या पोरांच्या पायाशी त्यांनी चेंडू दिला. पोरांना हाक मारणारा कुणीतरी भेटला, एवढाच काय तो फरक!

सगळीच नापास पोरे दिग्दर्शक होणार नाहीत, हे आम्ही जाणतो. पण एका निकालावर पोराचा हिशेब मिटवू नका. दहावीची पुरवणी परीक्षा त्याच वर्षी होते. शाळा सुटली असेल तर सतरा नंबरचा फॉर्म भरून बाहेरून बसता येते. पोरगं बाटलीकडे वळलेच असेल, तर मारून ते सुटत नाही. दवाखान्यात नेऊन, रोज जवळ बसवून सुटते.

आज रात्री त्याला शिव्या न देता ताटावर बोलवा. काय बघायला आवडते, काय करायला आवडते, एवढेच विचारा. आणि तो बोलू लागला की मध्येच तोडू नका.