पुलाची तपासणी डोळ्यांनी किती काळ करणार?

वॉर्डात नवजात बाळाचे वजन ज्या इलेक्ट्रॉनिक काट्यावर करतात, त्याच्या तबकाखाली धातूची एक छोटी पट्टी असते. बाळ ठेवले की ती वाकते. इतकी थोडी, की डोळ्याला कळणार नाही. पट्टीवर चिकटवलेला स्ट्रेन गेज तो बाक टिपतो आणि समोर आकडा येतो. १९३८च्या सुमारास अमेरिकेत एडवर्ड सिमन्स आणि आर्थर रूज यांनी एकमेकांशी संबंध नसताना ही युक्ती शोधली. अडीच किलोच्या बाळासाठी आपण ती रोज वापरतो. रोज हजारो माणसे ज्यांच्यावरून जातात, त्या बहुतेक जुन्या पुलांच्या तुळयांना मात्र ती लावलेली नसते.

तुळईवर भार आला की तिची वरची बाजू दाबली जाते, खालची ताणली जाते. खालच्या बाजूला चिकटवलेली बारीक तारेची जाळीही तिच्याबरोबर ताणली जाते, तार लांब आणि बारीक होते आणि तिचा विद्युत रोध वाढतो. हे मोजायचे एकक मायक्रोस्ट्रेन. एक किलोमीटर लांबी एक मिलिमीटरने वाढली, तर तो एक मायक्रोस्ट्रेन. १२० ओहमच्या नेहमीच्या गेजमध्ये १०० मायक्रोस्ट्रेनला रोध जेमतेम ०.०२४ ओहमने बदलतो. एवढासा फरक पकडायला व्हीटस्टन ब्रिजचे मंडल लागते. (होय, शाळेत पाठ केलेला तोच!) तुळईच्या वर आणि खाली, तिच्या लांबीवर ठिकठिकाणी असे गेज लावले, की प्रत्येक जागचा बाक कळतो आणि त्यावरून एकूण झोळ काढता येतो. नदीवरच्या पुलाचा झोळ थेट मोजायला खाली स्थिर आधार लागतो, तो पुरात कुठून आणणार? गेजला त्याची गरज नाही.

आपल्याकडे स्ट्रक्चरल ऑडिट होतच नाही, असे नाही. १४ मार्च २०१९ रोजी मुंबईत सीएसएमटीजवळचा हिमालय पादचारी पूल कोसळला आणि जीव गेले. त्याआधी झालेल्या ऑडिटने हाच पूल किरकोळ दुरुस्तीनंतर वापरण्याजोगा ठरवला होता. केवळ चेहरा पाहून हृदयविकार नाही, असे लिहून देणाऱ्या डॉक्टरला आपण काय म्हणू? पाहणी आणि हातोड्याचे ठोके आवश्यक आहेतच, पण भार ठेवून तुळई किती वाकते आणि भार काढल्यावर किती सरळ होते, हे मोजल्याशिवाय निदान पुरे होत नाही. काँक्रीट बांधकामाच्या भारतीय मानक ४५६ मध्ये अशी भारचाचणी सांगितलेलीच आहे: २४ तास भार ठेवायचा, आणि तो काढल्यावर पुढच्या २४ तासांत झोळ ७५ टक्के भरून आला नाही, तर चाचणी पुन्हा करायची.

गेजचे गोडवे गाताना त्याच्या मर्यादाही सांगायला हव्यात. चिकटवल्यानंतर जे बदलते तेवढेच तो सांगतो. तुळई स्वतःच्या वजनाने आधीपासून किती ताणलेली आहे, हे त्याला ठाऊक नसते. पोलाद एका अंश तापमानाला सुमारे १२ मायक्रोस्ट्रेन प्रसरण पावते. म्हणजे सकाळ-दुपारच्या १५ अंशांच्या फरकाने १८० मायक्रोस्ट्रेन! तापमानाची नोंद सोबत नसेल, तर उन्हालाच आजार समजण्याची चूक होईल. आणि २ ऑगस्ट २०१६च्या रात्री महाडजवळ सावित्रीच्या पुरात वाहून गेला, तो दगडी कमानींचा पूल होता. अशा पुलाच्या पायाखालचा गाळ पाणी उकरून नेते, तेव्हा वर चिकटवलेला गेज धोका वेळेत सांगेलच, असे नाही. तिथे पाण्याखालची तपासणीच हवी.

म्हणून मागणी मोजकी आहे. जुन्या पूल आणि पादचारी पुलांच्या तुळयांची भारचाचणी गेज लावून करावी, पहिल्या चाचणीचे आकडे जपून ठेवावेत, कारण पुढच्या वेळी तुलना त्यांच्याशीच होणार आहे. आणि ‘वापरण्यास योग्य’ या शेऱ्यासोबत ते आकडेही लोकांना पाहता यावेत.