अभिरूप न्यायालय आणि अशिलाची भाषा

आपल्या डिचोली-पेडण्याकडील घरांतून अलीकडे बरीच मुले-मुली कायद्याच्या शिक्षणाकडे वळू लागली आहेत. काळा कोट अंगावर चढण्यापूर्वी त्यांना जी तालीम घ्यावी लागते, तिची ओळख मात्र पालकांना क्वचितच असते. ही तालीम म्हणजे अभिरूप न्यायालय, म्हणजेच ‘मूट कोर्ट’ होय. एक काल्पनिक खटला दिला जातो. विद्यार्थी वादी-प्रतिवादींची बाजू लिहून काढतात आणि न्यायाधीशाच्या आसनावर बसलेल्या प्राध्यापक वा वकिलांपुढे ती मांडतात.

भारतीय वकील परिषदेच्या २००८ च्या नियमांनुसार प्रत्येक विद्यार्थ्यास असे किमान तीन खटले चालवावे लागतात. प्रत्येकास दहा गुण. त्यांपैकी पाच लेखी निवेदनाला व पाच तोंडी युक्तिवादाला. बोलण्याइतकेच लिहिण्याला दिलेले हे महत्त्व ध्यानात घेण्याजोगे आहे.

आपल्या शाळांतील वक्तृत्वस्पर्धांत पाठ केलेले भाषण मूल घडाघडा म्हणते, टाळ्या पडतात आणि ते खाली उतरते. त्यास कोणी प्रश्न विचारीत नाही. अभिरूप न्यायालयात वाक्य अर्धे असतानाच प्रश्न येतो. त्याचे उत्तर देऊन सुटलेला धागा पुन्हा पकडावा लागतो. १९६० पासून चालत आलेल्या जेसप या आंतरराष्ट्रीय स्पर्धेत तर एकाच संघाला दोन्ही पक्षांची निवेदने लिहावी लागतात. प्रतिपक्षाचे म्हणणे त्याच्याइतक्याच ताकदीने मांडता येणे, ही मोठीच विद्या म्हटली पाहिजे.

तरीही एक उणीव जाणवते. हा सारा व्यवहार बहुधा इंग्रजीत चालतो. उच्च न्यायालयाची भाषा इंग्रजी असल्याने ते स्वाभाविकही आहे. परंतु अशील आपली कैफियत मराठीत वा कोंकणीत सांगतो. आपल्याकडील मुंडकाराचेच उदाहरण घ्या. १९७५ च्या कायद्याने त्यास घरातून हुसकावण्यापासून संरक्षण व राहते घर विकत घेण्याचा हक्क दिला. भाटकाराच्या संमतीने तेथे राहणारा तो मुंडकार. परंतु घराचे भाडे भरून राहणारा या व्याख्येत बसत नाही. भाटकाराला आपण काय देत होतो, हे सांगताना एखाद्या वृद्धेने सवयीने ‘भाडे’ म्हटले आणि खोलात न शिरता तरुण वकिलाने तोच शब्द अर्जात उतरविला, तर तिच्या डोक्यावरचे छप्परच धोक्यात येते. ती माडांची राखण होती, सेवा होती की खरोखर भाडे होते, हे तिच्याच भाषेत खोदून विचारणारा हवा. आणि जे निघेल ते प्रामाणिकपणे लिहिणारा हवा.

मिरामारच्या साळगावकर विधी महाविद्यालयाचे विद्यार्थी गावोगावी कायदा साहाय्य केंद्रे चालवितात. अशा केंद्रांत एक लेखनाभ्यास नेमाने व्हावा: अशिलाचे म्हणणे प्रथम त्याच्या भाषेत लिहावे, मग त्यावरून इंग्रजी मसुदा करावा आणि अखेरीस तो त्यास त्याच्या भाषेत वाचून दाखवावा. “होय, मी हेच म्हटले,” असे अशील म्हणाला, तरच तो उतरला असे समजावे.

शाळांनीही आपला वाटा उचलावा. वर्षातून एखादी वक्तृत्वस्पर्धा कमी झाली तरी चालेल. परंतु प्रत्येक मुलाला एकदा तरी आपल्या मताविरुद्धची बाजू लिहून मांडण्यास सांगावे आणि वर्गाने त्यास प्रश्न विचारावेत. त्यांतील सगळेच वकील होणार नाहीत. पण दुसऱ्याचे म्हणणे नीट ऐकून घेण्याची सवय त्यांना जन्मभर उपयोगी पडेल.