आक्काची उठबस कोण मोजणार?

"मोटारीत चढता-उतरताना त्रास होतो का? पायमोजे घालताना होतो का? आंघोळीच्या टबात उतरताना?"

हे प्रश्न माझ्या आक्काला विचारले गेले. आक्का म्हणजे माझी थोरली बहीण. औराद तालुक्यातल्या एका खेड्यात चाळीस वर्षे तुरी-उडदाच्या रानात राबलेली बाई. तिच्या आयुष्यात मोटार आली ती बसच्या रूपाने. पायमोजे तिने पाहिले ते शाळेत जाणाऱ्या नातवाच्या पायात. आणि टब म्हणाल, तर घरात एक आहे. त्यात धुणे भिजते.

गुडघ्याच्या ऑपरेशनसाठी भाच्याने तिला एका मोठ्या शहरातल्या रुग्णालयात नेले होते. मीही सोबत होतो. प्रश्न विचारणारी मुलगी गोड होती, हिंदीतून विचारत होती. आक्का तिच्या तोंडाकडे बघत होती आणि उत्तरे भाचा देत होता. दहा मिनिटांत कागद भरला, बेरीज झाली. आक्काच्या आयुष्याला आकडा मिळाला.

वाचकहो, डॉक्टरांना झोडपण्यासाठी मी हे लिहीत नाही. ऑपरेशन उत्तम झाले. वर्षानुवर्षे रात्रभर ठणकणारा गुडघा थांबला. सहा महिन्यांनी पुन्हा तोच कागद भरला, तेव्हा आकडा इतका चांगला आला की डॉक्टरांनी हसत विचारले, "आजी, आता जिना चढता ना?" आक्काच्या घराला जिना नाही. ती म्हणाली, "बरं हाय." डॉक्टर खूश, भाचा खूश. माझे भांडण आहे ते या 'बरं हाय'शी आणि ते ऐकून समाधान मानणाऱ्या आपल्या सगळ्यांशी.

कारण ऑपरेशननंतर आक्काला जमिनीवर बसायचे नाही, मांडी घालायची नाही, उकिडवे तर मुळीच बसायचे नाही, असे बजावले गेले. भाकरी ती बसून थापायची, ते सुटले. अंगणात बायकांबरोबर डाळ निवडणे सुटले. गावच्या सप्त्यात सगळ्या बाया सतरंजीवर आणि ही एकटी मागे प्लॅस्टिकच्या खुर्चीवर. पंगतीत तेच. दोनदा गेली, तिसऱ्यांदा गेली नाही. आपल्या मराठीत माणसाच्या जाण्यायेण्याला, संबंधांना 'उठबस' म्हणतात. आक्काची उठबसच संपली. आणि त्या कागदावर हा प्रश्नच नव्हता!

'वोमॅक' नावाची ती प्रश्नावली १९८० च्या दशकात कॅनडात तयार झाली. गुडघ्याच्या आणि खुब्याच्या संधिवातासाठी जगभर वापरतात. एकूण २४ प्रश्न : दुखण्याचे ५, सांधा आखडण्याचे २, हालचालींचे १७. कॅनडातल्या म्हातारीसाठी ते चोख आहेत. तिला मोटारीत बसायचे असते, थंडीत पायमोजे घालायचे असतात. तिला कुणी विचारले, "बाई, पंगतीत मांडी घालता येते का?" तर तीही आपल्या आक्कासारखीच तोंडाकडे बघेल. दोष प्रश्न लिहिणाऱ्याचा नाही. ते जसेच्या तसे उचलून औरादच्या बाईपुढे ठेवणाऱ्याचा आहे.

'क्वालिटी ऑफ लाइफ' हा शब्द हल्ली आपल्याकडेही येऊन पोचला आहे. त्याला मराठीत कुणी 'जीवनमान' म्हणतात, पण त्यात पगार आणि पंखा-फ्रीजच डोळ्यांपुढे येतात. कुणी 'जीवनाची गुणवत्ता' म्हणतात, तर बोर्डाची गुणवत्ता यादी आठवते. खरा शब्द आपल्या ओट्यावर आहे. आमचा कन्नड शेजारी रोज सकाळी विचारतो, "आराम अदीरी?" आणि आपण म्हणतो, "बरं चाललंय." मोजायचे आहे ते हे बरे चालणे. ते किती बरे, कशात बरे, कुणाच्या मते बरे?

हा प्रश्न दवाखान्यापुरता नाही. आपल्या अख्ख्या प्रांताचा कागद असाच भरला गेला आहे. १९५६ साली जुना बिदर जिल्हा तीन राज्यांत वाटला गेला. उदगीर, निलंगा, अहमदपूर तिकडे गेले, जहीराबाद-नारायणखेड आंध्रात गेले, आपण इथे राहिलो. त्यानंतर दर निवडणुकीत आपण 'मागास' हा शब्द ऐकला. तो नेमका किती, हे मोजले डॉ. डी. एम. नंजुंडप्पा समितीने. २००२ साली त्यांचा अहवाल आला. शेती, उद्योग, रस्ते-वीज-बँका, शाळा-दवाखाने, लोकसंख्या असे ३५ निकष लावून त्यांनी तालुका न् तालुका तोलला. राज्यातले ११४ तालुके मागास ठरले, त्यांतले ३९ 'सर्वाधिक मागास'. त्या ३९ पैकी २१ एकट्या गुलबर्गा विभागातले. आपले औराद, भालकी, आळंद त्यांत होतेच. पुढे २००५ च्या राज्य मानव विकास अहवालात २७ जिल्ह्यांमध्ये बिदर २१ वा आणि गुलबर्गा २६ वा. आपल्या खाली एकटे रायचूर.

मोजमापच नको, असे म्हणणारा मी नव्हे. हे आकडे नसते तर आपले रडगाणे कोण ऐकत होते? आकड्यांच्या जोरावरच मागणी उभी राहिली. २०१२ च्या डिसेंबरात संसदेने घटनादुरुस्ती मंजूर केली आणि ३७१ (जे) कलम आले. त्यामुळे आपल्या भागातल्या मेडिकल-इंजिनिअरिंगच्या जागांमध्ये आपल्या मुलांना ७० टक्के वाटा मिळतो. माझ्याच शाळेतून गेलेली मुले आज डॉक्टर झाली आहेत. मोजले म्हणून मिळाले, हे मी शंभरदा म्हणेन.

परंतु त्या ३५ निकषांत काय मोजले? गावात काय आहे, ते. दवाखान्यात खाटा किती, हे मोजले. त्या खाटेवर पडलेल्या बाईला आपले दुखणे सांगता येते का, हे मोजले नाही. मानव विकासाचा निर्देशांक १९९० साली महबूब उल हक यांनी अमर्त्य सेन यांच्या मदतीने जगापुढे आणला, तोही आयुर्मान, शिक्षण आणि उत्पन्न या तीनच काठ्यांवर उभा. एकट्या उत्पन्नापेक्षा तो शतपटीने बरा. पण माणूस किती वर्षे जगला हे त्यातून कळते. त्या वर्षांत त्याची उठबस होती का, हे कळत नाही.

कुणी म्हणेल, "मास्तर, सोपे आहे. निकष सोडा आणि लोकांनाच विचारा." इथे जरा थांबावे लागते. बंगालच्या दुष्काळानंतर १९४४ साली सिंगूर भागात सार्वजनिक आरोग्य संस्थेने एक पाहणी केली होती. अमर्त्य सेन तिचा दाखला वारंवार देतात. प्रकृती बरी नाही किंवा यथातथाच आहे, असे सांगणारे विधुर ४८.५ टक्के होते. आणि विधवा? अवघ्या २.५ टक्के! दुष्काळातून वाचलेल्या विधवा त्या विधुरांपेक्षा धडधाकट होत्या असे कोण म्हणेल? त्यांनी आपल्या दुखण्याला दुखणे म्हणायचेच सोडून दिले होते. आपल्या आया-बहिणींचे 'बरं हाय' हे त्याच जातीचे. तिकडे केरळात लोक बिहारपेक्षा कितीतरी जास्त जगतात आणि आजारपणाच्या तक्रारीही जास्त सांगतात. शिकलेल्या माणसाला आपले दुखणे ओळखता येते आणि बोलून दाखवता येते.

म्हणजे नुसते विचारून भागत नाही. कसे विचारता, कोणत्या भाषेत, कुणाच्या देखत, यावर सगळे आहे. आक्काने मुलासमोर, परक्या भाषेत, परक्या मुलीला "माझी उठबस गेली तर मी काय करू?" असे कधी सांगितले असते का?

हे अशक्य आहे काय? मुळीच नाही. जागतिक आरोग्य संघटनेने १९९० च्या दशकात जीवनमानाची प्रश्नावली केली, ती एका देशात बसून लिहिली नाही. जगभरच्या पंधरा केंद्रांत एकाच वेळी काम झाले, त्यांत दिल्ली आणि मद्रासही होते. तिची २६ प्रश्नांची छोटी आवृत्ती शरीर, मन, नातीगोती आणि भोवताल या चारही अंगांनी विचारते. आयुष्यातले आपले स्थान माणसाने आपल्याच संस्कृतीच्या आणि अपेक्षांच्या संदर्भात सांगायचे, असे तिचे सूत्र आहे. डब्लिनच्या शल्यवैद्यक महाविद्यालयातील मंडळी त्याही पुढे गेली. त्यांनी रुग्णालाच सांगितले, तुझ्या आयुष्यातल्या महत्त्वाच्या पाच गोष्टी तू सांग, मग त्या कशा चालल्यात आणि कोणतीचे वजन किती तेही सांग. खुब्याचा सांधा बदललेल्या रुग्णांवर त्यांनी हे करून पाहिले आणि १९९२ साली प्रसिद्धही केले. आक्काला हे विचारले असते तर पाचात भजन आले असते, पंगत आली असती, भाकरी आली असती. जिना आला नसता.

आता दोन आक्षेप घेतो. पहिला असा की, "इथे खाटा नाहीत, डॉक्टर नाहीत आणि तुम्ही मांडी घालण्याची चिंता करता!" मी विचारतो, गरिबाला फक्त पोटच असते, हे कुणी ठरवले? श्रीमंताचे आयुष्य मोजताना त्याचे छंद आणि मित्र मोजायचे, आणि आमचे मोजताना नुसत्या खाटा? प्रश्न विचारायला यंत्र लागत नाही, निधी लागत नाही. अर्धा तास आणि एक स्टूल लागते.

दुसरा आक्षेप नाजूक आहे. "कर्नाटकात राहता, तर कन्नड शिका." शिकलो की! आक्का बाजारात कन्नड बोलते, बसमध्ये बोलते. माझे आडत दुकानातले हिशेब कन्नडमध्येच होतात, आणि ती भाषा मला माझी वाटते. पण ठणकणे, सलणे, भरून येणे, रग लागणे, जीव घाबरा होणे हे माणूस आईच्या भाषेत सांगतो. सीमावाद इथे आणू नका. अक्कलकोटच्या आणि जतच्या कन्नड म्हातारीला मराठी दवाखान्यात हाच अनुभव येतो, आणि तिच्यासाठीही माझी हीच मागणी आहे. १९५६ च्या भाषिक अल्पसंख्याकांविषयीच्या निवेदनात जिथे अल्पभाषिक १५ ते २० टक्के आहेत तिथे महत्त्वाच्या नोटिसा त्यांच्या भाषेत काढाव्यात असे ठरले होते. म्हणजे घरपट्टीची नोटीस मराठीत मागायला निदान एक आधार आहे. गुडघ्याची कळ मराठीत सांगायला नाही!

तेव्हा मागणे तीनच आहेत. एक, आपल्या दोन्ही जिल्ह्यांच्या मोठ्या दवाखान्यांत ठरवून करायच्या ऑपरेशनाआधी रुग्णाला त्याच्या भाषेत विचारावे. मराठी, कन्नड, उर्दू, तेलुगू, लमाणी, जी असेल ती. ३७१ (जे) मुळे डॉक्टर-नर्स झालेली आपलीच मुले हे काम उद्यापासून करू शकतात. दोन, पहिला प्रश्न मोकळा असावा : "कोणते काम सुटले तर तुम्हाला सगळ्यात जड जाईल?" आणि तो विचारताना नातेवाइकांनी बाहेर चहाला जावे. तीन, पुढच्या वेळी तालुके तोलायला कुणी समिती आली, तर खाटांच्या शेजारी हाही रकाना असावा की दवाखान्यातून बाहेर पडलेल्या माणसाला आपले म्हणणे कुणी ऐकले असे वाटले का.

चौथे मागणे सरकारकडे नाही, तुमच्याकडे आहे. दवाखान्यात आईच्या वतीने उत्तरे आपण देतो. "तिला काय कळतंय" म्हणून आपणच कागद भरतो. माझा भाचा वाईट नाही, कर्ज काढून त्याने आईचा पाय बरा केला. मी तरी त्या दिवशी काय केले? शेजारी बसून होतो, चाळीस मुलांना प्रश्न विचारायची सवय असलेला मास्तर, आणि बहिणीला एक प्रश्न विचारला नाही.

तो मी पुढे वर्षभराने विचारला. "आक्का, हे सगळं आधी सांगितलं असतं, तर तू नको म्हणाली असतीस का?" ती बराच वेळ गप्प राहिली. मग म्हणाली, "कुणास ठावं रे बाबा. लई ठणकायचं. हाव बी म्हणले असते. पण इचारावं तर लागतंय की."

भाऊबीजेला मी दरवर्षी औरादला जातो. पूर्वी मी पाटावर बसायचो आणि आक्का समोर बसून ओवाळायची. आता आम्ही दोघे समोरासमोर खुर्च्यांवर बसतो, ताट स्टुलावर असते. यंदाही जाईन. तुम्हीही आपापल्या बहिणीकडे, आईकडे जाल. "बरं आहे ना?" असे विचारून फराळाला बसू नका. तिचे काय काय सुटले आहे ते विचारा, आणि ती "बरं हाय" म्हणाली, तर पुन्हा एकदा विचारा.