कुबडी फेकू नकोस, पोरा

'द मिरॅकल मॅन' हा १९१९ चा अमेरिकन मूकपट. दिग्दर्शक जॉर्ज लोन टकर. सगळा सिनेमा हरवला. काही मिनिटांचा तुकडा तेवढा उरलाय, तोही नेमका चमत्काराचा. सिनेमा मेला, चमत्कार जगला. असंच होतं दोस्तहो!

गोष्ट अशी. न्यूयॉर्कची चोरटी टोळी एका गावातल्या म्हाताऱ्या बाबाच्या नावावर पैसा लाटायचं ठरवते. टोळीतला 'फ्रॉग' हातपाय पिळवटून लुळा बनतो, गर्दीसमोर सरपटत बाबाच्या पायाशी जातो आणि हळूहळू सरळ उभा राहतो. सगळा बनाव! इथवर सिनेमा खरं बोलतो. पण ते बघून एक खराखुरा पांगळा पोरगा कुबड्या फेकतो नि धावत सुटतो. मग देणग्या, मग चोरांना पश्चात्ताप. म्हणजे आधी बुवाबाजीचं पोट फाडायचं आणि मग आपणच टाके घालून द्यायचे. माझं भांडण इथं आहे.

फ्रॉग झालेला नट लॉन चेनी. त्याचे आईबाप दोघंही बहिरे. त्यांना कुठल्या बाबानं कान दिले नाहीत. पोरगा हाताच्या खुणांनी त्यांच्याशी बोलायला शिकला. त्याच्या आईच्या बापानं १८७४ साली कोलोरॅडोत बहिऱ्या मुलांची शाळा काढली. ती शाळा आजही चालू आहे. घरात शाळा, नि पडद्यावर चमत्कार!

१९१९ म्हणजे इन्फ्लुएंझाच्या पाठचं साल. जगभर मढी पडलेली. लोकांना आशा पाहिजे होती, कबूल. मुंबईत ती साथ १९१८ च्या जूनमध्ये आधी आमच्या गोदीवरच्या पोलीस शिपायांत दिसली. मग शहरभर पसरली. युरोपियन मेले हजारी ८, सवर्ण हिंदू १९ च्या आसपास, आणि ज्यांना खालच्या जातीचे म्हणायचे ते ६० च्या वर. रोग तोच. खोली, पाणी, डॉक्टर वेगळे. बाबा कुणाकडेच आला नाही.

श्रद्धेनं धीर येतो, मी नाकारत नाही. ओझं उचलताना मीबी आईचं नाव घेतो. पण मोडलेलं हाड नावानं सांधत नाही.

म्हणून त्या पांगळ्या पोराला माझं सांगणं : कुबडी फेकू नकोस. डॉक्टर माग, शाळा माग. नाहीच दिली, तर तीच कुबडी उगारायची कशी, ते आम्ही शिकवू.