हुतात्म्यांसाठी बँड

मृतांच्या स्मरणार्थ वाजवायचे संगीत रडवेच असले पाहिजे काय? फ्रेंच संगीतकार हेक्टर बर्लिओझ याची १८४० सालची 'शोक आणि विजयाची भव्य सिंफनी' तसे मानत नाही.

१८३० च्या जुलै क्रांतीत पॅरिसच्या रस्त्यांवर तीन दिवस लढून पाचशेहून अधिक लोक कामी आले. एक राजा पळाला, त्यांच्या रक्तावर दुसरा, लुई फिलिप, गादीवर बसला! दहा वर्षांनी सरकारला त्यांची आठवण झाली. त्यांचे अवशेष बास्तीय चौकातील स्तंभाखाली नेताना वाजवण्यासाठी ही रचना करून घेतली. बर्लिओझला दहा हजार फ्रँक मिळाले, पण वादकांचे पैसे आणि नकला करण्याचा खर्च त्यातूनच भागवायचा होता. सरकारी हिशेब सगळीकडे सारखेच!

२८ जुलैला सुमारे दोनशे वादकांचा बँड चालत निघाला. पहिला भाग अंत्ययात्रेचा. दुसऱ्यात ट्रॉम्बोन एकटाच जणू श्रद्धांजलीचे भाषण करतो. तिसरा मात्र कर्ण्यांच्या ललकारीने उसळतो. ऐकणाऱ्याची मान आपोआप ताठ होते. मला हीच खरी मानवंदना वाटते.

चौकात हा भाग वाजत असतानाच नॅशनल गार्डच्या पलटणी ढोल बडवीत निघाल्या आणि सारे सूर त्यात बुडाले. बर्लिओझने हे आधीच ओळखले होते. म्हणून दोन दिवस अगोदर सभागृहात रंगीत तालीम ठेवून त्याने निमंत्रितांना पूर्ण रचना ऐकवली होती. १८४२ मध्ये त्याने अखेरच्या भागाला समूहगानही जोडले. स्तंभावर त्या हुतात्म्यांची नावे सोनेरी अक्षरांत कोरलेली आहेत.