मुद्द्याला धरून

दोन शेतकरी बांधावर भेटले की बियाण्याची गोष्ट निघते. दोन सुतार एकत्र आले की रंध्याची आणि पटाशीची निघते. ज्या साधनावर आपली भाकरी अवलंबून आहे, त्याविषयी माणसाला ममत्व वाटावे, हे स्वाभाविकच आहे. संगणकाच्या जगात संकेतस्थळे उभारणारे कारागीरही या नियमाला अपवाद नाहीत. त्यांचे हत्यार म्हणजे संगणकाला आज्ञा देण्याची भाषा. गिडो व्हान रॉसम यांनी १९९१ साली पायथन ही भाषा प्रसिद्ध केली. १९९५ साली रॅस्मस लेर्डोर्फ यांची पीएचपी लोकांपुढे आली आणि त्याच वर्षी ब्रेंडन आइक यांनी जावास्क्रिप्ट रचली. या भाषांत श्रेष्ठ कोणती, हा वाद पुष्कळ वर्षे चालू आहे आणि तो मिटण्याचे चिन्ह दिसत नाही.

वाद असणे वाईट नव्हे. ‘पीएचपी नवशिक्याला लवकर साधते,’ असे एकाने म्हणावे. ‘परंतु तिच्यातील आज्ञांच्या नावांत एकसूत्रीपणा नाही,’ असे दुसऱ्याने दाखवून द्यावे. ‘पायथनमधील लेखन वाचावयास सोपे,’ असे तिसऱ्याने सांगावे. ‘पण ओळीच्या आरंभी जागा सोडण्याचा तिचा नियम जाचक आहे,’ असे चौथ्याने म्हणावे. अशा बोलण्याने ऐकणाऱ्याचे ज्ञान वाढते. परंतु पुष्कळदा गोष्ट एवढ्यावर थांबत नाही. ‘ती भाषा वापरणारा खरा कारागीरच नव्हे,’ असा उद्गार कोणाच्या तरी तोंडून निघतो. मग भाषेचे गुणदोष बाजूला पडतात आणि ती वापरणाऱ्याची लायकी हाच चर्चेचा विषय होऊन बसतो.

याचे नुकसान कोणाला सोसावे लागते? एखादा नवशिका विचारतो, ‘गावच्या वाचनालयातील पुस्तकांची यादी संकेतस्थळावर घालावयाची आहे; त्यासाठी कोणती भाषा घ्यावी?’ जाणती मंडळी उत्साहाने बोलू लागतात. पण थोड्याच वेळात ती एकमेकांची उणीदुणी काढण्यात गुंतून जातात. विचारणारा रिकाम्या हाताने परततो आणि वाचनालयाची यादी तशीच पडून राहते. शिवाय, पुन्हा काही विचारण्याचा त्याला धीर होत नाही. ही हानी त्याहूनही मोठी होय.

वस्तुतः ‘श्रेष्ठ भाषा कोणती?’ हा प्रश्नच अपुरा आहे. ‘कोणत्या कामासाठी?’ हे शब्द जोडल्यावाचून त्याला उत्तर मिळणार नाही. विकिपीडियासारखा प्रचंड ज्ञानकोश पीएचपीच्या आधारे चालतो, तर इन्स्टाग्राम पायथनच्या आधारे उभे राहिले. ट्विटरचा आरंभ २००६ साली रुबी या भाषेवर झाला. पुढे वापरणाऱ्यांची गर्दी वाढली, तेव्हा त्याचा बराच भाग स्काला या दुसऱ्या भाषेत नव्याने लिहावा लागला. यावरून रुबी टाकाऊ ठरत नाही. आरंभी जे सोयीचे होते, ते मोठ्या व्यापाला अपुरे पडले, इतकेच.

तीव्र मतभेद असूनही मुद्दा कसा सांभाळावा, याचे एक उदाहरण संगणकाच्या इतिहासात आहे. ॲम्स्टरडॅम येथील प्राध्यापक अँड्रू टॅनेनबॉम यांनी विद्यार्थ्यांना शिकविण्यासाठी १९८७ साली मिनिक्स ही कार्यप्रणाली तयार केली होती. १९९१ साली फिनलंडमधील लिनस टोरवाल्ड्स या विद्यार्थ्याने लिनक्स ही दुसरी प्रणाली रचली. १९९२ च्या जानेवारीत टॅनेनबॉम यांनी तिची रचना कालबाह्य असल्याचे जाहीरपणे लिहिले. प्रणालीचा गाभा लहान असावा आणि बाकीची कामे स्वतंत्र भागांकडे सोपवावीत, असे त्यांचे मत होते. लिनक्समध्ये ती सारी कामे एकाच मोठ्या गाभ्यात होती. बावीस वर्षांच्या टोरवाल्ड्स यांनी तिखट शब्दांत उत्तर दिले. परंतु आपली भाषा मर्यादेबाहेर गेल्याचे ध्यानात येताच त्यांनी क्षमा मागितली. मत मात्र सोडले नाही. टॅनेनबॉम यांनीही आपले मत सोडले नाही. पुढे २००४ साली, लिनक्स ही मिनिक्सवरून चोरलेली आहे, असा आरोप झाला. तेव्हा ती टोरवाल्ड्स यांचीच निर्मिती आहे, अशी स्पष्ट ग्वाही कोणी दिली? खुद्द टॅनेनबॉम यांनी! रचनेविषयीचा मतभेद त्यांनी माणसाविषयीच्या वैरापर्यंत जाऊ दिला नाही, म्हणूनच त्यांना खरे बोलता आले.

प्राचीन न्यायशास्त्राने चर्चेचे तीन प्रकार सांगितले आहेत. सत्य जाणण्यासाठी होतो तो वाद. केवळ जिंकण्यासाठी होतो तो जल्प. आणि स्वतःचे काहीही न मांडता दुसऱ्याचे खोडून काढण्यासाठीच होते ती वितंडा. संगणक अगदी अलीकडचा. पण त्यावरून भांडणाऱ्या माणसाचा स्वभाव मात्र जुनाच आहे.

यावर कोणी म्हणेल की, विषय सोडून बोलताना कधीकधी एखादी नवी कल्पना सुचते. ते खरे आहे. अशा कल्पनेसाठी वेगळी बैठक अवश्य घ्यावी. परंतु ज्याने प्रश्न विचारला, त्याचे उत्तर आधी द्यावे. बोलण्यापूर्वी प्रत्येकाने मनाशी एवढेच विचारावे : ‘मूळ प्रश्न काय होता, आणि माझ्या शब्दांनी विचारणाऱ्याचे काम एक पाऊल तरी पुढे सरकेल काय?’ ही सवय कारागिरांनी लावून घेतली, तर भाषांचे वाद चालू राहूनही वाचनालयाची ती यादी पुरी होईल, आणि ती करणारा नवशिका उद्या दुसऱ्या नवशिक्याला वाट दाखवील.